शहरात पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवायचं? पहिल्यांदा गाडी घेतलेल्यांसाठी

नवी गाडी घेतली की पहिल्या दोन महिन्यांत हा प्रश्न येतोच: "कंपनीने वीसच्या वर सांगितलं होतं, मग माझी गाडी अकरा-बाराच का देते?" बहुतेक वेळा गाडीत काहीही बिघडलेलं नसतं. शहरात पेट्रोल संपतं ते मुख्यतः दोन कारणांनी. एक, मेहनतीने मिळवलेला वेग आपण ब्रेक दाबून घालवतो आणि पुन्हा नव्याने मिळवतो. दोन, गाडी जागेवर उभी असतानाही इंजिन चालूच असतं. बाकी सगळं, म्हणजे टायर, ऑइल, फिल्टर, महागडं पेट्रोल, यांचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने लावल्या आहेत. सगळं एकदम जमणार नसेल तर पहिल्या चार पायऱ्यांवर लक्ष द्या.

कंपनीच्या आकड्याविषयी आधी दोन शब्द. पुण्यात कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. तिथे किंवा तशाच दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडीची चाचणी होते, पण ती रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चढवून एक ठरलेलं चक्र पूर्ण करतात. साधारण २० मिनिटं, १० किलोमीटरच्या आसपास अंतर, सरासरी वेग ताशी ३० किमीच्या थोडा वर, कमाल वेग ९०, आणि एसी बंद. सकाळी साडेनऊला सिंहगड रोडवर ज्याला ताशी ३० ची सरासरी मिळते त्याने ती कशी मिळवली हे आम्हालाही कळवावं. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. महिन्याच्या पेट्रोलचा हिशोब त्यावर मांडू नका.

पायरी १: आधी मोजा

मोजल्याशिवाय काय सुधारलं आणि काय नुसतं वाटलं, हे कळत नाही. पद्धत जुनीच आहे. पंपावर टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबा आणि ट्रिप मीटर झिरो करा. नेहमीसारखी गाडी चालवा. पाऊण टाकी संपली की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. ट्रिप मीटरवर ३७२ किमी आणि पावतीवर ३० लिटर असेल तर ॲव्हरेज १२.४. एकदा मोजून निष्कर्ष काढू नका. नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा, त्यामुळे सलग तीन-चार वेळा भरून सरासरी धरा.

पंपावरचा माणूस "अजून थोडं बसेल साहेब" म्हणत पैसे राउंड फिगर करायला बघतो. नको म्हणा. टाकीतली वाफ धरून ठेवण्यासाठी गाडीत कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. गळ्यापर्यंत टाकी भरली तर त्यात द्रव पेट्रोल जाऊन तो खराब होतो.

मीटरवर दिसणारं ॲव्हरेज बहुतेक गाड्यांत थोडं उदार असतं. कालच्यापेक्षा आज बरी चालवली का, एवढं बघायला ते चांगलं.

पायरी २: ब्रेक कमी लागेल अशी गाडी चालवा

सगळ्यात जास्त पेट्रोल इथे वाचतं, म्हणून जरा सविस्तर.

दोन माणसं बसलेली छोटी हॅचबॅक धरा, वजन साधारण १,००० किलो. तिला शून्यापासून ताशी ५० पर्यंत न्यायला लागणारी ऊर्जा आणि पेट्रोलमधल्या उर्जेपैकी शहरात चाकापर्यंत पोहोचणारा जेमतेम पाचवा हिस्सा, हे गणित मांडलं तर दर वेळी सुमारे १५ मिली पेट्रोल लागतं. लिटर शंभरीपार असताना हे दीड रुपया झालं. पुढच्या सिग्नलला कचकन ब्रेक मारला की तो दीड रुपया ब्रेक पॅडची उष्णता होऊन हवेत जातो. घर ते ऑफिस रस्त्यात असं वीस वेळा झालं तर एका बाजूचे ३० रुपये फक्त थांबण्याचे.

गंमत अशी की ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० पर्यंत जायला जेवढं पेट्रोल लागतं त्याच्या पावणेतीन पट ५० पर्यंत जायला लागतं. कर्वे रोडवर दोन सिग्नलांमध्ये सुसाट जाऊन पुढच्या लाल दिव्याला सगळ्यांच्या आधी पोहोचणारा माणूस तुम्हाला रोज दिसतो. दिवा हिरवा होतो तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारीच असता, फक्त त्याचं पेट्रोल जास्त गेलेलं असतं.

हे प्रत्यक्षात असं करायचं:

नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर ठेवू नका, त्याच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांवर ठेवा. तिकडे ब्रेकचे लाल दिवे लागले की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. ब्रेक दाबायचा निर्णय नंतर घेता येतो.

सिग्नलला आकडे उलटे मोजणारा टायमर असेल तर त्याचा फायदा घ्या. लांबून लाल ४० दिसला तर तिथे धावत जाऊन करायचंय काय? पाय उचला, गाडीला गिअरमध्येच सरकू द्या. बऱ्याचदा तुम्ही पोहोचेपर्यंत रांग हललेली असते आणि दुसऱ्या गिअरमध्येच निघता येतं. पूर्ण थांबून पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

पुढच्या गाडीपासून थोडं अंतर ठेवा. हो, त्या फटीत रिक्षा घुसणार, मागून एक दुचाकीही घुसणार. घुसू द्या. फट पुन्हा तयार होते. अंतर असलं की पुढचा प्रत्येक धक्का तुमच्या ब्रेकपर्यंत येत नाही.

स्पीडब्रेकर रोजच्या रस्त्यावर कुठे आहेत हे तुम्हाला पाठ असतं. त्याच्या पन्नासएक मीटर आधी पाय उचलायचा. ऐनवेळी ब्रेक, मग उडी, मग पुन्हा रेस, ही सवय पेट्रोलला आणि सस्पेन्शनला सारखीच महाग पडते.

एक काळजी मात्र घ्या. मागची गाडी किती जवळ आहे हे आरशात बघूनच वेग सोडा, आणि रिकाम्या रस्त्यावर विनाकारण रेंगाळून मागच्यांची रांग लावू नका. शिवाय निघताना फार हळू, कुंथत निघण्यानेही काही वाचत नाही. सहज, ठाम रेस द्या, पटकन वरचा गिअर घ्या आणि मग वेग स्थिर ठेवा.

पायरी ३: न्यूट्रल मारणं बंद करा

हा सल्ला तुम्हाला घरातल्या एखाद्या काकांकडून मिळाला असेल: उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाक, पेट्रोल वाचतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत फ्युएल इंजेक्शन असतं. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलात की गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात आणि पेट्रोल शून्य लागतं. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, आयडलिंगच्या (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतं त्याच्या) जवळ आले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. उलट न्यूट्रलला टाकलं की इंजिन स्वतःच्या ताकदीवर चालू ठेवावं लागतं, म्हणजे थेंब थेंब पेट्रोल जळतच राहतं. ज्यासाठी न्यूट्रल मारला तेच हातचं गेलं.

आणि धोका वेगळाच. गिअरमध्ये असलेल्या इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते, आणि स्टिअरिंग जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार यासाठीच बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने ४० हून अधिक गाड्यांना धडक दिली, तेव्हा डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतार उतरल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. उतारावर तिसरा किंवा दुसरा गिअर, पाय ॲक्सिलरेटरच्या बाहेर, गरजेपुरता ब्रेक. एवढंच.

पायरी ४: उभ्या गाडीचं इंजिन

१ ते १.२ लिटरचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर मिनिटाला साधारण १० ते १५ मिली पेट्रोल पितं, एसी लावला तर त्याहून जास्त. दीड मिनिटाच्या सिग्नलला एसी चालू ठेवून उभे राहिलात तर वर सांगितलेल्या शून्य ते ५० पेक्षा जास्त पेट्रोल एकाच जागेवर जातं, आणि गाडी एक इंचही पुढे सरकत नाही.

पुन्हा स्टार्ट करायला लागणारं पेट्रोल काही सेकंदांच्या आयडलिंगइतकंच असतं. म्हणून नियम सोपा: समोरचा टायमर ३० सेकंदांच्या वर असेल आणि रांग हलणार नाही हे नक्की असेल तर इंजिन बंद करा. रांगेत पुढून पाचवे असाल तर हिरवा व्हायच्या पाच-सात सेकंद आधी चालू करा, म्हणजे मागचे हॉर्न वाजवणार नाहीत. (तरीही वाजवतील. त्याचा पेट्रोलशी संबंध नाही.) चढावर, उतारावर किंवा गाडी किंचितही सरकत असताना बंद करायचं नाही. बॅटरी जुनी झाली असेल, सेल्फ मारताना गाडी कुरकुरत असेल तर आधी बॅटरी बघा.

तुमच्या गाडीत आपोआप बंद-चालू होण्याची सोय असेल तर ती चालू राहू द्या. बरेच जण पहिल्याच आठवड्यात वैतागून बटण दाबून ती बंद करतात, आणि नंतर ॲव्हरेज कमी म्हणून शोरूमला भांडतात.

सिग्नलपेक्षा जास्त पेट्रोल खरं तर शाळेबाहेर, मेडिकलसमोर आणि सोसायटीच्या गेटवर "दोन मिनिटांत येते" म्हणून गेलेल्या माणसाची वाट बघताना जातं. तिथे बिनदिक्कत बंद करा. सकाळी इंजिन पाच मिनिटं गरम करायचीही गरज नाही. स्टार्ट करा, सीटबेल्ट लावा, आरसे बघा आणि निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर जोरात रेस देऊ नका, इंजिन चालता चालता जास्त लवकर तापतं.

पायरी ५: गिअर आणि क्लच

छोट्या पेट्रोल गाडीत २,००० आरपीएमच्या आसपास वरचा गिअर टाकायचा. सपाट रस्त्यावर ढोबळमानाने दुसरा १५-२० ला, तिसरा ३० ला, चौथा ४०-४५ ला. मीटरवर वर जाणारा बाण दिसत असेल तर त्याचं ऐका. मात्र चौथ्यात ताशी २५ ने चढ चढवू नका. गाडी धडधडायला लागली म्हणजे ती खालचा गिअर मागतेय. अशा वेळी पाय कितीही दाबला तरी पेट्रोल जातं आणि वेग येत नाही.

गाडी चालवताना डावा पाय क्लचवर विसावलेला नसावा. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर इंच इंच पुढे जाण्यापेक्षा एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, गाडीला आपली आपण चालू द्या. एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी असेल तर उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरू नका, ब्रेक वापरा. आत क्लच असतोच, आणि तो बदलायचा खर्च वर्षभराच्या वाचलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त येतो.

पायरी ६: एसी

मे महिन्यात दादरला किंवा नागपुरात एसी बंद ठेवून गाडी चालवा असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घामाघूम ड्रायव्हर वाईट गाडी चालवतो. फक्त वापर नीट करा. उन्हात तापलेली गाडी असेल तर आधी चारही काचा खाली करून मिनिटभर चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या. मग काचा बंद, एसी चालू, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा, म्हणजे कॉम्प्रेसरला बाहेरची गरम हवा पुन्हा पुन्हा थंड करावी लागत नाही. गार झालं की पंखा कमी करा. सावलीत पार्किंग मिळत असेल तर दोन मिनिटं जास्त चालायला हरकत नाही.

थंडीत सकाळी, शहरातल्या ताशी ३०-४० च्या वेगाला काचा उघड्या ठेवून एसी बंद करणं सरळ फायद्याचं. पावसाळ्यात काचेवर धुकं धरत असेल तर मात्र एसी लावाच. तिथे कंजुषी नको.

पायरी ७: टायरमधली हवा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर तुमच्या गाडीचा पीएसआय, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाचा आकडा, लिहिलेला असतो, पुढच्या आणि मागच्या चाकांचा कधीकधी वेगळा. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना सरसकट ३५ भरतो, त्याला तुमचा आकडा सांगा. हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे घराजवळच्या पंपावर. वीस किलोमीटर चालवून आल्यावर आतला दाब वाढलेला दिसतो आणि आकडा फसवतो. दर पंधरा दिवसांनी तपासा. पंक्चर नसतानाही महिन्याला एक-दोन पीएसआय उतरतोच. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

नायट्रोजन भरल्याने हवा थोडी हळू उतरते, बाकी ॲव्हरेजमध्ये काही फरक नाही. स्टिकरपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरून ॲव्हरेज काढायचा मोह टाळा. ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि खड्ड्यात टायर फुटायची भीती वाढते. पावसाळा संपला की अलाइनमेंट करून घ्या. आपल्याकडच्या खड्ड्यांनंतर ते लागतंच, आणि वाकडं चाललेलं चाक रस्त्याला घासत पेट्रोल खातं.

पायरी ८: फेऱ्या एकत्र करा

थंड इंजिन पहिले तीन-चार किलोमीटर फार पेट्रोल पितं. सकाळी दूध आणायला, दुपारी कुरिअर द्यायला, संध्याकाळी भाजीला, अशा तीन छोट्या फेऱ्यांत गाडी दर वेळी थंडच राहते. तीच कामं एका फेरीत केली तर खर्च बराच खाली येतो. दीड किलोमीटरवरच्या भाजीला गाडी काढूच नका. शिवाय पार्किंग शोधण्यात मंडईभोवती तीन चकरा जातात त्या वेगळ्याच.

ऑफिसला वीस मिनिटं आधी निघून बघा. हिंजवडीच्या रस्त्यावर या वीस मिनिटांनी जो फरक पडतो तो कुठल्याही ॲडिटिव्हने पडत नाही.

पायरी ९: गॅरेज आणि पंपावरचे सल्ले

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना पातळ ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये पिंपातून निघालेलं जाड ऑइल भरलं तर इंजिनाला ते जड जातं. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. स्पार्क प्लग ठरलेल्या किलोमीटरला बदला. एअर फिल्टर मात्र ॲव्हरेजच्या नावाखाली दर सर्व्हिसिंगला बदलायची घाई नको. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चोंदलेल्या फिल्टरमुळे पिकअप पडतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही.

साधं पेट्रोल चालतं असं मॅन्युअल सांगत असेल तर ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलवर जादा पैसे घालवू नका. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. म्हणजे जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरलं तर त्यात तुमची चूक नाही. गाडी या इंधनासाठी बनवली आहे का, हे मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर बघा.

पाचशेऐवजी पाचशे दहाचं भरा, पहाटे गार पेट्रोल भरा, पाइपला लोहचुंबक लावा: तिन्ही सोडून द्या. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथे सकाळ-दुपार तापमानात नगण्य फरक पडतो. पंपावर बघायचं ते फक्त शून्य आणि शेवटचा आकडा. डिकीतली जुनी गोणी, क्रिकेट किट, गणपतीपासून राहिलेलं डेकोरेशन काढा, आणि टपावरचं कॅरिअर लागत नसेल तेव्हा उतरवून ठेवा.

ॲव्हरेज अचानक पडलं तर

हळूहळू कमी होणं आणि एकदम पडणं यात फरक करा. एखाद-दोन टाक्यांत १३ चं १० झालं, आणि रस्ता, एसी, वेळ सगळं तेच असेल, तर आधी हवा तपासा. मग वीसेक मिनिटं गाडी चालवून या आणि उतरल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागत असेल किंवा तिथून जळका वास येत असेल तर ब्रेक चिकटून राहतोय. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघा, एका माणसाने ती हलायला हवी. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर ऑक्सिजन सेन्सर किंवा थर्मोस्टॅट यांपैकी काही असू शकतं, ते स्कॅनर लावूनच कळतं. पार्किंगमध्ये गाडीखाली पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र गाडी स्टार्ट करू नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा.